निकाल कुणाच्या हाती पडतो, त्यावर सगळं आहे

प्रश्न नागपुरातच एलएलएम करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: हुकूमशाहीतून किंवा लष्करी राजवटीतून बाहेर पडून लोकशाहीकडे येणारे देश आंतरराष्ट्रीय मानवाधिकार न्यायालयांचे निकाल जुन्या, स्थिरावलेल्या लोकशाही देशांपेक्षा जास्त पाळतात की कमी? या न्यायालयांकडे ना पोलिस, ना तुरुंग, मग ते देश ऐकतात तरी का? आणि प्रबंध लिहायचा तर नेमकं काय तपासायचं?

'जास्त' किंवा 'कमी' असं एका शब्दात उत्तर देणारे तुम्हाला भेटतील, पण त्याचा प्रबंधाला उपयोग होणार नाही. कारण निकाल म्हणजे एकच आदेश नसतो. कोस्टा रिकाची राजधानी सान होसे इथं बसणाऱ्या आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाचं एखादं निकालपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा. भरपाई द्या, निकाल राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापा, जाहीर माफी मागा, नातेवाइकांवर उपचार करा, अमुक कायदा बदला, दोषींना शोधून खटला चालवा, असे अनेक सुटे आदेश त्यात असतात. पहिला अर्थखात्याकडे जातो, कायद्याचा संसदेकडे, खटल्याचा अभियोक्त्यांकडे, म्हणजे सरकारी वकिलांकडे. आपल्याकडे वेगळं काय आहे? नागपूर खंडपीठाचा आदेश 'महाराष्ट्र शासना'ला उद्देशून असतो, पण पोहोचतो मंत्रालयातल्या एखाद्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर. तिथून विधी व न्याय विभागाच्या अभिप्रायाला, मग वित्त विभागाला, आणि मग जिल्ह्याला. वाटेतल्या प्रत्येक टेबलावर तो आदेश कुणाला तरी हवा असतो किंवा नको असतो.

माझं मत स्पष्ट सांगते. नव्या लोकशाहीत निकाल तेव्हाच पाळला जातो, जेव्हा देशाच्या आत कुणाला तरी तो वापरायचा असतो. बाहेरचा दबाव कामी येतो, पण आतल्या माणसाच्या हातातलं हत्यार म्हणून. ती माणसं मंत्रिमंडळातून, अभियोक्त्याच्या कार्यालयातून किंवा न्यायपीठावरून दूर झाली की एकदा पाळलेला निकालही उलटायला लागतो. म्हणून 'राज्य' पाळतं का, हे विचारण्यापेक्षा राज्यातलं कोण पाळतं, कोण अडवतं आणि कोणत्या वर्षी, हे विचारा.

हे सगळं एकाच देशात बघायचं असेल तर पेरू घ्या. मी जरा सविस्तर सांगते, कारण पेरू नीट कळला की बाकीचे देश पटकन समजतात.

३ नोव्हेंबर १९९१ च्या रात्री लिमा शहरातल्या बारिओस आल्तोस या वस्तीत एका इमारतीच्या रहिवाशांनी दुरुस्तीसाठी पैसे उभे करायला जेवणाचा कार्यक्रम ठेवला होता. लष्करी गुप्तचर विभागाशी जोडलेल्या कोलिना गटाची माणसं तोंडं झाकून आत शिरली, लोकांना जमिनीवर झोपवलं आणि गोळ्या घातल्या. १५ माणसं मारली गेली, त्यात आठ वर्षांचा एक मुलगा होता. चार जण जबर जखमी झाले. १९९५ मध्ये न्यायालयीन तपास खऱ्या अर्थानं सुरू होताच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अल्बेर्तो फुजिमोरी यांच्या बहुमताच्या संसदेनं माफीचा कायदा केला, क्रमांक २६४७९. न्यायाधीश आंतोनिया साकिकुराय यांनी तो या खटल्याला लागू करायला नकार दिला. त्यावर काही दिवसांतच दुसरा कायदा आला, क्रमांक २६४९२. माफीचा कायदा तपासण्याचा अधिकारच न्यायाधीशांना नाही, असा त्याचा अर्थ. एका न्यायाधीशाच्या एका आदेशाला उत्तर म्हणून संसदेनं अख्खा कायदा करावा, यावरून त्या आदेशाची ताकद लक्षात घ्या.

पुढे मे १९९९ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयानं कास्तिलो पेत्रुत्सी प्रकरणात सांगितलं की नागरिकांवर लष्करी न्यायालयात, चेहरा न दाखवणाऱ्या न्यायाधीशांसमोर चालवलेला खटला न्याय्य नव्हता, तो पुन्हा चालवा. पेरूच्या सर्वोच्च लष्करी न्यायपरिषदेनं जूनमध्ये जाहीर केलं की हा निकाल अमलात आणता येणार नाही. जुलैमध्ये संसदेनं न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातून बाहेर पडायला मंजुरी दिली. अमेरिकी मानवाधिकार करारात राहायचं आणि त्याचं न्यायालय मात्र नाकारायचं असं चालणार नाही, असं न्यायालयानं सप्टेंबरमध्ये ठणकावलं. सरकार ढिम्म राहिलं.

नोव्हेंबर २००० मध्ये भ्रष्टाचाराच्या चित्रफिती बाहेर आल्यानंतर फुजिमोरी जपानला गेले आणि त्यांची सत्ता संपली. व्हालेंतिन पानियाग्वा यांचं संक्रमणकालीन सरकार आलं. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी ती माघार रद्द केली. फेब्रुवारीत बारिओस आल्तोस प्रकरणात राज्यानं स्वतःहून जबाबदारी मान्य केली. १४ मार्च २००१ ला निकाल आला: दोन्ही माफी कायदे मानवाधिकार कराराशी विसंगत आहेत, त्यांना कायदेशीर परिणाम नाही. या सरकारचे न्यायमंत्री होते दिएगो गार्सिया-सायान, जे पुढे त्याच आंतर-अमेरिकी न्यायालयाचे न्यायाधीश आणि नंतर अध्यक्ष झाले.

जुलै १९९९ ते मार्च २००१ हे अंतर वीस महिन्यांचं आहे. देश तोच, संविधान तेच, न्यायालय तेच. त्या दरम्यान सान होसेच्या न्यायालयाला कोणतीही नवी शक्ती मिळालेली नव्हती. बदलले ते देशाच्या आत निकालाची वाट बघणारे लोक. काळजीवाहू सरकारपुढे माफीचे कायदे संसदेत रद्द करण्याचा रस्ता होताच. पण त्यात सौदे आले असते, शिवाय रद्द केलेला कायदा जुन्या आरोपींना लागू राहिला असता का, हा वाद वेगळाच. निकालानं सांगितलं की ते कायदे पहिल्या दिवसापासूनच निष्प्रभ होते. माझ्या मते त्या सरकारला हे हवंच होतं. त्यांनी निकाल पाळला, हे खरं आहे, पण त्यांनी तो मागवून घेतला असं म्हणणं अधिक अचूक ठरेल.

सप्टेंबर २००७ मध्ये चिलीनं फुजिमोरींना पेरूच्या हवाली केलं आणि ७ एप्रिल २००९ ला पेरूच्याच न्यायाधीशांनी बारिओस आल्तोस आणि ला कांतुता (विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकाची हत्या) प्रकरणांत त्यांना २५ वर्षांची शिक्षा सुनावली. आपल्याच देशाच्या निवडून आलेल्या माजी राष्ट्राध्यक्षाला देशातल्याच न्यायालयानं मानवाधिकारांच्या उल्लंघनासाठी शिक्षा देणं, ही छोटी गोष्ट नाही. बरेच लेख इथं थांबतात. तुम्ही थांबू नका.

२०१७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी फुजिमोरींना क्षमा दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये पेरूच्या न्यायालयानं ती रद्द केली. मार्च २०२२ मध्ये संविधान न्यायाधिकरणानं ती पुन्हा जिवंत केली. त्यांना सोडू नका, असं आंतर-अमेरिकी न्यायालयानं सांगितलं, आणि तेव्हा सोडलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र सोडलं, न्यायालयाचा विरोध असूनही. सप्टेंबर २०२४ मध्ये ते वारले. त्याच्या महिनाभर आधी संसदेनं २००२ पूर्वीच्या मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना मुदतीची मर्यादा लावणारा कायदा केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लष्कर-पोलिसांसाठी पुन्हा माफीचा कायदा आला. हा आलेख एका रेषेत वर जात नाही. लोकशाहीकडे वळणं ही पूर्ण झालेली गोष्ट मानून प्रबंध लिहिलात तर पेरूच तुम्हाला खोटं पाडेल.

आता पैशाबद्दल. भरपाईचा आदेश सगळ्यात लवकर पाळला जातो, हे युरोप आणि अमेरिका खंडांतल्या न्यायालयांत दिसतं. याचं श्रेय घाईनं लोकशाहीला देऊ नका. रशियानं १९९८ मध्ये युरोपीय करार स्वीकारला. चेचन्यातल्या हत्या आणि बेपत्ता माणसांच्या प्रकरणांत स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २००५ पासून एकामागून एक निकाल दिले. ठरवलेली रक्कम रशिया अनेक वर्षं भरत राहिला. मारणाऱ्यांवर मात्र खटले जवळजवळ नाहीतच. रक्कम भरल्यानं प्रकरणाचा एक रकाना भरतो आणि ज्यानं गोळी घातली तो नोकरीत राहतो. पुढे २०१५ मध्ये रशियानं आपल्या संविधान न्यायालयाला स्ट्रासबर्गचे निकाल अमलात आणण्याजोगे नाहीत असं ठरवायचा अधिकार दिला, आणि युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये तो युरोप परिषदेबाहेर, म्हणजे स्ट्रासबर्गच्या न्यायालयामागच्या संघटनेबाहेर गेला.

आपल्या भागातलं सांगते. कोठडीतल्या मृत्यूंच्या रिट याचिकांमध्ये मी बरीच वर्षं उभी राहिले आहे. विदर्भातल्या एका जिल्ह्यातल्या तरुणाच्या प्रकरणात भरपाईचा आदेश झाला, शासन निर्णय निघाला, धनादेश आईच्या हाती पडला. कुठल्याही अनुपालन अहवालात हे प्रकरण 'पूर्तता झाली' असंच दिसेल. त्याच आदेशात विभागीय चौकशी आणि गुन्ह्याचा तपास दुसऱ्या यंत्रणेकडे देण्याचंही होतं. चौकशी अधिकारी बदलत गेले, खटल्याच्या मंजुरीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. ती बाई धनादेश घेऊन माझ्या चेंबरमध्ये आली तेव्हा तिनं पैशाबद्दल एक शब्द विचारला नाही. ती विचारत होती की तो जमादार अजून त्याच ठाण्यात कसा. म्हणून 'अनुपालनाचा दर' दाखवणारा तक्ता समोर आला की मी आधी बघते, त्यात पैसे आणि खटला एकाच रांगेत मोजलेत का. मोजले असतील तर तो तक्ता बाजूला ठेवा.

न्यायव्यवस्थेचा मुद्दा बहुतेक विद्यार्थी विसरतात. सरकार बदलतं, पण न्यायाधीश तेच राहतात. ब्राझीलमध्ये १९७९ चा माफी कायदा लष्करी राजवटीनं केला. एप्रिल २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयानं अरागुआया खोऱ्यातल्या बेपत्ता गनिमांच्या प्रकरणात, म्हणजे गोमेस लुंड प्रकरणात, नेमकं उलट सांगितलं. सरकारची इच्छा होती. सत्यशोधन आयोगाचा कायदा झाला, आयोगानं २०१२ ते २०१४ काम केलं, जाडजूड अहवाल दिला. अभियोक्त्यांनी निकाल हाती धरून खटले दाखल केले. बहुतेक खटले देशातल्या न्यायालयांनी माफी कायद्याचा दाखला देऊन दारातच अडवले. म्हणजे एकाच निकालाचा सत्य सांगण्याचा भाग पाळला गेला आणि शिक्षेचा अडकला.

शेजारच्या अर्जेंटिनात उलटं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २००५ मध्ये सिमोन प्रकरणात लष्करी अधिकाऱ्यांना वाचवणारे दोन्ही कायदे रद्दबातल ठरवताना पेरूच्या बारिओस आल्तोस निकालाचा आधार घेतला. तो निकाल अर्जेंटिनाविरुद्ध नव्हताच! त्यानंतर शेकडो लष्करी आणि पोलिस अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. पण याच न्यायालयानं, न्यायाधीश बदलल्यावर, फेब्रुवारी २०१७ मध्ये फोंतेव्हेक्किया प्रकरणात सांगितलं की आमचा अंतिम निकाल रद्द करायला आंतर-अमेरिकी न्यायालय आम्हाला भाग पाडू शकत नाही. २००५ मधली इच्छा आणि २०१७ मधली अनिच्छा, दोन्ही एकाच इमारतीतून आल्या.

मग मुळात हे देश अशा न्यायालयाची सत्ता स्वीकारतात कशाला? १९५० च्या युरोपीय कराराच्या वाटाघाटींत ब्रिटनसारख्या जुन्या लोकशाहीनं सक्तीचं अधिकारक्षेत्र आणि व्यक्तीला थेट तक्रारीचा हक्क, दोन्हीला विरोध केला होता. पाठिंबा मुख्यतः युद्धातून आणि फॅसिझममधून नुकत्याच सावरणाऱ्या देशांचा होता. आपल्यानंतर येणारं सरकार लोकशाही मोडेल ही भीती ज्यांच्या अंगावर ताजी असते, ते आपले हात बांधून घेतात, म्हणजे पुढच्याचेही बांधले जातात.

हे कारण आपल्या देशाला परकं नाही. आणीबाणीत १९७६ मध्ये एडीएम जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्थानबद्धांचा बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागण्याचा, मार्ग बंद केला. ज्या उच्च न्यायालयांनी तो मार्ग खुला असल्याचं म्हटलं होतं, त्यात मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं, हे आपल्या वकील संघातल्या तरुण मुलांना ठाऊक असायला हवं. आणीबाणी उठली, जनता सरकारनं १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती करून जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरवलं, आणि १० एप्रिल १९७९ ला भारत नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. हा क्रम योगायोगाचा आहे असं मला वाटत नाही. मात्र व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा पूरक करार आपण आजतागायत स्वीकारलेला नाही, आणि आशियात युरोप, अमेरिका, आफ्रिकेसारखं प्रादेशिक न्यायालयच नाही. आपले हात बांधले, ते आपल्याच न्यायालयांच्या भरवशावर. एडीएम जबलपूर स्पष्टपणे उलथवायला ऑगस्ट २०१७ मधला, गोपनीयतेच्या हक्काबद्दलचा पुट्टास्वामी निकाल यावा लागला.

दुसरं कारण बाहेरचं आमिष. तुर्कस्तान हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. राज्य सुरक्षा न्यायालयात लष्करी न्यायाधीश बसतो हे न्याय्य नाही, असं स्ट्रासबर्गनं १९९८ च्या इन्जाल प्रकरणात म्हटलं. जून १९९९ मध्ये तुर्कस्ताननं लष्करी न्यायाधीश काढले, २००४ मध्ये ती न्यायालयंच बंद केली, त्याच वर्षी मानवाधिकार करारांना देशी कायद्यावर वरचढ स्थान देणारी घटनादुरुस्ती केली. सायप्रसमधल्या मालमत्तेबद्दलच्या लोइझिदू प्रकरणाची रक्कम १९९८ पासून नाकारत होता, ती डिसेंबर २००३ मध्ये भरली. या सगळ्याच्या मागे युरोपीय संघाच्या सदस्यत्वाची आशा होती. ती विरत गेली. तुरुंगातले सामाजिक कार्यकर्ते उस्मान कवाला यांना सोडा, असा निकाल डिसेंबर २०१९ मध्ये आला. सोडणं दूरच, एप्रिल २०२२ मध्ये त्यांना कठोर जन्मठेप झाली. त्याआधीच, फेब्रुवारी २०२२ मध्ये युरोप परिषदेच्या मंत्री समितीनं, जी निकालांच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवते, निकाल पाळला नाही म्हणून प्रकरण उल्लंघनाच्या कार्यवाहीसाठी परत न्यायालयाकडे पाठवलं. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाच्या महापीठानं तुर्कस्तान दोषी असल्याचं सांगितलं. कवाला आतच राहिले. हीच कार्यवाही त्याआधी एकदाच, अझरबैजानचे विरोधी नेते इल्गार मम्मादोव्ह यांच्यासाठी वापरली गेली होती. २०१७ च्या अखेरीस ती सुरू झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते सुटले. अझरबैजान तुर्कस्तानपेक्षा अधिक लोकशाहीवादी होता असं कुणी म्हणणार नाही. एका कैद्याला सोडण्याची किंमत दोन्ही राजवटींना वेगवेगळी वाटली, इतकंच यातून निघतं.

आफ्रिकेबद्दल मराठीत फारच कमी लिहिलं जातं, म्हणून दोन प्रकरणं सांगते. टांझानियातल्या अरुशा इथं आफ्रिकी मानवाधिकार न्यायालय आहे. बुर्किना फासोतले संपादक लोहे इसा कोनाते यांना एका अभियोक्त्याबद्दलच्या लेखांसाठी १२ महिने कैद झाली. ५ डिसेंबर २०१४ ला न्यायालयानं सांगितलं की बदनामीसाठी तुरुंगवास ही शिक्षा कराराविरुद्ध आहे. त्याच्या जेमतेम पाच आठवडे आधी ब्लेझ कोंपाओरे यांची २७ वर्षांची सत्ता जनउठावानं संपवली होती. २०१५ मध्ये संक्रमणकालीन सरकारनं कायदा बदलला. पत्रकार नॉर्बेर झोंगो यांच्या १९९८ मधल्या हत्येचा बंद झालेला तपासही त्याच काळात पुन्हा उघडला. पेरूसारखंच: निकाल आला तेव्हा त्याची गरज असलेली माणसं खुर्चीवर होती. आता याच्या उलट बेनिन. १९९० नंतर आफ्रिकेतल्या लोकशाही संक्रमणाचं ते सगळ्यात वाखाणलेलं उदाहरण. न्यायालय आपल्याविरुद्ध आदेश देऊ लागलं, तसं २०२० मध्ये बेनिननं व्यक्तींना थेट दाद मागू देणारी आपली घोषणाच मागे घेतली. रवांडा, टांझानिया आणि कोत द'ईव्हार यांनीही तेच केलं. सत्तेवरच्या माणसांना टोचणारे आदेश येऊ लागले की न्यायालय कितपत सोसलं जातं, ते इथं कळतं.

बोस्नियात तर त्याहून कठीण गाठ आहे. १९९५ च्या डेटन करारातच संविधान लिहिलेलं, आणि त्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या तीन जागा बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांनाच. रोमा समाजाचे देर्वो सेइदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिन्त्सी यांनी त्याला आव्हान दिलं, डिसेंबर २००९ मध्ये जिंकले, आणि तो निकाल अजून अमलात आलेला नाही. ज्या तडजोडीवर युद्ध थांबलं, तीच भेदभाव करणारी आहे. तिथं इच्छाशक्ती नाही म्हणून टीका करणं सोपं आहे, पण तीनही गटांपैकी कुणालाच तो निकाल हातात घेण्यात फायदा दिसत नाही, हे खरं कारण.

जुन्या लोकशाहीचं काय, हे एवढ्यावर समजून घ्या: कैद्यांच्या मतदानावरची सरसकट बंदी चुकीची, असं ब्रिटनला स्ट्रासबर्गनं ऑक्टोबर २००५ मध्ये हर्स्ट प्रकरणात सांगितलं. संसदेनं वर्षानुवर्षं नकार दिला. शेवटी तात्पुरत्या परवानगीवर बाहेर असलेल्या काही कैद्यांपुरती सवलत देऊन ते प्रकरण २०१८ मध्ये मिटवलं. म्हणून 'जुने पाळतात, नवे पाळत नाहीत' हे गृहीतक आराखड्यात घालू नका.

जमिनीच्या प्रकरणांकडे तुम्ही वळावं असं मला मनापासून वाटतं, कारण इथं विदर्भाचा माणूस जे बघू शकतो ते दिल्ली-मुंबईच्या संशोधकाला सहज दिसत नाही. निकाराग्वातल्या आवास तिंग्नी या आदिवासी समुदायाच्या जंगलात सरकारनं लाकूडतोडीचा परवाना दिला. ३१ ऑगस्ट २००१ ला आंतर-अमेरिकी न्यायालयानं त्यांचा सामूहिक मालकी हक्क मान्य केला आणि १५ महिन्यांत जमीन मोजून पट्टा द्यायला सांगितलं. कायदा २००३ मध्ये झाला, पट्टा हातात आला डिसेंबर २००८ मध्ये, आणि बाहेरून येऊन बसलेल्यांना हटवण्याचा प्रश्न पुढेही उरला. केनियात माऊ जंगलातल्या ओगिएक समाजाच्या बाजूनं आफ्रिकी न्यायालयानं २६ मे २०१७ ला निकाल दिला, जून २०२२ मध्ये भरपाई आणि सामूहिक पट्ट्याचा आदेश दिला. मधल्या काळात सरकारनं कृतिदल नेमलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच जंगलातून ओगिएक कुटुंबांना हुसकावलं गेलं.

आता गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आठवा. वनहक्क कायदा २००६ चा, ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये, पण स्वतःचा बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, तो ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. पट्टा आणि टीपी यांच्यातलं अंतर म्हणजेच हक्क आणि अंमल यांच्यातलं अंतर. ज्यानं ते अंतर ग्रामसभेत बसून पाहिलं आहे, त्याला ओगिएक प्रकरणात नेमकं कुठे बघायचं ते सांगावं लागत नाही: वनखात्याचे अधिकार कमी झाले का, सीमा कुणी आखली, मोजणीला पैसे कुठल्या वर्षाच्या अर्थसंकल्पात आले.

आपल्या न्यायालयांनी प्रादेशिक न्यायालय नसतानाही आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला आहे, तेही प्रबंधात यायला हवं. १९९३ च्या निलाबती बेहेरा प्रकरणात कोठडीतल्या मृत्यूसाठी दीड लाख रुपये देताना सर्वोच्च न्यायालयानं नागरी आणि राजकीय हक्कांच्या त्याच आंतरराष्ट्रीय कराराच्या नवव्या कलमाकडे बोट दाखवलं. त्या कलमातल्या भरपाईच्या हक्कावर तर भारतानं सामील होतानाच राखीव भूमिका नोंदवली होती. १९९६ च्या डी. के. बसू निकालात न्यायालयानं म्हटलं की आता त्या राखीव भूमिकेला अर्थ उरलेला नाही. सरकारनं जे स्वीकारलं नव्हतं ते न्यायालयानं आत आणलं. अटकेबाबतचे बसू निकालातले निर्देश फौजदारी प्रक्रिया संहितेत उतरायला मात्र बारा-तेरा वर्षं लागली. २००६ च्या प्रकाश सिंग निकालातल्या पोलिस सुधारणांचं तेच: महाराष्ट्रात २०१४ मध्ये पोलिस अधिनियमात दुरुस्ती होऊन तक्रार प्राधिकरण आलं, प्रत्यक्ष काम सुरू व्हायला आणखी काही वर्षं गेली. अवमानाचा अधिकार हाती असलेल्या न्यायालयाची ही कथा आहे. तेव्हा सान होसे किंवा अरुशाच्या न्यायालयाकडे पोलिस नाहीत, हा मुद्दा वाटतो तेवढा निर्णायक नाही. आमच्या अनुभवात अवमान याचिकेची नोटीस निघून काही होत नाही. सचिवांनी स्वतः हजर राहावं असा आदेश होतो, तेव्हा आठवडाभरात शासन निर्णय निघतो. एखाद्या माणसाला व्यक्तिशः उत्तर द्यावं लागणं, एवढंच त्यात घडतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयांकडे हे नेमकं नाही, आणि ते देशातल्या न्यायाधीशांनी, पत्रकारांनी, पीडितांच्या संघटनांनी भरून काढावं लागतं.

कामाची पद्धत अशी ठेवा. दोन देश पुरे, चार घेऊ नका. प्रत्येक निकालातले आदेश सुटे करून लिहा, आणि प्रत्येकासमोर तारीख, कार्यालय आणि त्या वेळी सत्तेत कोण होतं ते भरा. आंतर-अमेरिकी न्यायालय अंमलबजावणीवर स्वतः देखरेख ठेवतं आणि वेळोवेळी आदेश काढतं, त्यात कोणता मुद्दा पूर्ण, कोणता अर्धवट, कोणता बाकी, हे न्यायालयच सांगतं. स्ट्रासबर्गच्या प्रकरणांत सरकारांनी मंत्री समितीला दिलेले कृती आराखडे वाचा, पण त्यांच्यासोबत स्वयंसेवी संघटनांनी दिलेली टिपणंही वाचा. सरकार 'पूर्तता' म्हणतं तिथं संघटना काय म्हणते, हा तुमचा खरा दस्तऐवज. आणि ज्या प्रकरणात राज्यानं जबाबदारी आपणहून मान्य केली असेल, त्या दिवशीचं सरकार कोणतं होतं ते हमखास तपासा. माझ्या वाचनात अशी कबुली बहुधा राजवट बदलल्यावरच आलेली आहे, आधीच्या सरकारच्या पापाची.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. देखरेखीचे बरेच आदेश आणि पेरू-ब्राझीलच्या न्यायालयांचे निकाल इंग्रजीत मिळत नाहीत. पहिल्या सत्रातच स्पॅनिशचा, ब्राझील घेतलंत तर पोर्तुगीजचा, वर्ग लावा. भाषांतराच्या यंत्रावर विसंबून कायद्याचं वाक्य उद्धृत करू नका. आफ्रिकी न्यायालय निवडलंत तर हा खर्च वाचतो, निकालपत्रं इंग्रजीत मिळतात, आणि ओगिएक प्रकरणाचा २०१७ आणि २०२२ चा मजकूर शेजारी ठेवून वाचायला तुम्हाला याच आठवड्यात सुरुवात करता येईल.